पावसाळी हिवाळा आणि लोकरीचे विणकाम

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात पाऊस आणि थंडी या दोन गोष्टी सहसा एकत्र येत नाहीत. मृगापासून हस्तापर्यंत पाऊस आणि दिवाळीनंतर कोरडी, निरभ्र थंडी, अशी त्याच्या वर्षाची मांडणी ठरलेली असते. पौषात किंवा माघात आभाळ भरून आले, तर तो त्या पावसाला अवकाळी म्हणतो आणि आंब्याच्या मोहोराची काळजी करू लागतो. उत्तर भारतात मात्र हा पाऊस अवकाळी मानला जात नाही. त्याला स्वतःचे नाव आहे. हिंदी मुलखात त्याला महावट म्हणतात, तर राजस्थानात मावठ. गव्हाच्या शेतकऱ्याला तो फुकटात एक पाणी देऊन जातो, म्हणून त्याची वाट पाहिली जाते. घरात बसलेल्या माणसांच्या वाट्याला मात्र त्याची दुसरी बाजू येते.

या पावसाचा उगम फार दूर असतो. भूमध्य समुद्राच्या आसपास निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे वातावरणाच्या वरच्या थरांतील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून हिमालयाच्या पायथ्याशी येतात. हवामानशास्त्रात त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. डिसेंबर ते मार्च या काळात महिन्याकाठी असे चार ते सहा झंझावात येऊन जातात; त्यांपैकी काही नुसतेच ढग दाखवून जातात, तर काही दोन-दोन, तीन-तीन दिवस मुक्काम करतात. एकाच ढगातून लुधियान्यात आणि दिल्लीत पाऊस पडतो, सिमल्यात पाऊस व हिम यांचे मिश्रण आणि त्याच्याही पलीकडे लाहौलमध्ये कोरडे हिम. झंझावात हे नाव ऐकून वादळाचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ही बहुधा रिपरिप असते. दिल्लीत जानेवारीच्या संपूर्ण महिन्याची पावसाची सरासरी वीस मिलिमीटरच्या आसपास आहे. मुंबईत जुलै महिन्यातली एखादी सर तासाभरात तेवढी बरसून जाते. तेव्हा प्रश्न पाण्याच्या प्रमाणाचा नाही. प्रश्न आहे तो या पावसामुळे हिरावल्या जाणाऱ्या उन्हाचा.

याचे कारण उत्तरेतील मैदानी घरांच्या रचनेत सापडते. पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि उत्तर प्रदेशातील जुनी घरे उन्हाळ्याशी झुंजण्यासाठी बांधलेली आहेत. मे-जून महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो आणि लू वाहू लागते, तेव्हा उंच छत, जाड भिंती, छताजवळचे झरोके आणि दगडी किंवा विटांची फरशी या गोष्टी माणसाला वाचवतात. हेच घर जानेवारीत त्याच्यावर उलटते. उंच छताखाली ऊब वर निघून जाते, झरोक्यांतून वारा आत येतो, फरशी पायांतून थंडी वर चढवते. घर तापवण्याची सोय या बांधणीत मुळातच नसते. म्हणून हिवाळ्यातील निरभ्र दिवशी उत्तर भारतीय कुटुंबाची सर्वांत उबदार खोली म्हणजे गच्ची किंवा अंगण. दहा वाजले की खाटा उन्हात ओढल्या जातात. मटार सोलणे, मोहरीची भाजी निवडणे, मुलांचे केस विंचरणे, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना तेल चोळणे, संत्री आणि भुईमुगाच्या शेंगा खाणे, हे सारे तेथेच चालते. शेंगांच्या टरफलांचा ढीग पाहून त्या दिवशी ऊन किती वेळ टिकले याचा अंदाज करता यावा.

पाऊस सुरू झाला की ही खोलीच नाहीशी होते. ढगाळ रात्र निरभ्र रात्रीइतकी थंड नसते, कारण ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात. परंतु दिवस तापतच नाही. दिवसाचे आणि रात्रीचे तापमान एकमेकांच्या जवळ येते, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ या तिन्ही वेळा एकाच राखाडी रंगाच्या होऊन जातात. झंझावात पुढे सरकला आणि आकाश मोकळे झाले की वायव्येकडून कोरडा, बोचरा वारा येतो, जमिनीतील ओलाव्याचे दाट धुके बनते आणि खरी कडाक्याची थंडी पडते. पावसाचे दोन दिवस आणि त्यानंतरचे चार-पाच दिवस, असा आठवडाभर संसार एका खोलीत गोळा होतो. त्या खोलीच्या मध्यभागी अंगीठी, म्हणजे लोणारी कोळशाची शेगडी असे. कुमाऊँमध्ये तिला सग्गड म्हणतात, तर काश्मीरमध्ये लहानशी कांगडी प्रत्येकाच्या फिरनखाली फिरते. हिमाचलातील डोंगराळ भागात धुराडे असलेला पत्र्याचा तंदूर खोलीत मांडतात. त्यावर स्वयंपाकही होतो आणि पाणीही तापते. या शेगडीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. दरवर्षी जानेवारीत उत्तरेकडील वृत्तपत्रांत शेगडी आत घेऊन, दार घट्ट लावून झोपलेल्या कुटुंबांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. ऊब हवी तर दार बंद केले पाहिजे आणि जीव हवा तर ते किलकिले ठेवले पाहिजे, असा हा पेच असतो.

सारांश, जे काम थंड देशांत घर करते ते येथे अंगावरच्या कपड्याला करावे लागते. घर तापत नाही. माणसाला गुंडाळावे लागते. उत्तर भारतीय घरांत हातविणीच्या स्वेटरला जे स्थान मिळाले, त्याचे मूळ या साध्या परिस्थितीत आहे.

मराठीत 'विणणे' हे एकच क्रियापद कापड, टोपली, खाट आणि स्वेटर या सर्वांना चालते. हिंदीतील 'बुनना' हेही तसेच. परंतु मागावरचे कापड आणि सुयांवरचे लोकरकाम या रचनेच्या दृष्टीने परस्परांच्या विरुद्ध गोष्टी आहेत. मागावर ताणा आणि बाणा असे धाग्यांचे दोन संच एकमेकांना काटकोनात छेदतात. सुयांवर मात्र धागा एकच असतो. त्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून काढला जातो आणि ओळीवर ओळ रचली जाते. मराठीने या फासाला शिवणकामातील 'टाका' हाच शब्द दिला आहे. हिंदीतील 'फंदा' हा शब्द अधिक नेमका म्हणावा लागेल, कारण फंदा म्हणजे फासच. हे फास ताणले की लांबतात आणि सोडले की पूर्ववत होतात, म्हणून विणलेला कपडा अंगाबरोबर वाकतो. त्याच फासांच्या पोकळीत हवा अडकून राहते, आणि शरीराची उष्णता राखण्याचे खरे काम ही स्थिर हवा करते. जोराचा वारा मात्र या जाळीतून आरपार जातो. उत्तरेतील स्त्री स्वेटरवर शाल पांघरते, त्यामागे केवळ रीत नाही. आत फासांनी धरलेली हवा आणि बाहेर वारा अडवणारे घट्ट विणीचे कापड, अशी ती दोन कारागिरींची जोडणी आहे.

भारताला मागाची परंपरा हजारो वर्षांची आहे. सुयांवरचे विणकाम मात्र येथे उशिरा आले. जगात या कलेचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे असून ते मध्ययुगातील, इस्लामी राजवटीच्या काळातील आहेत. तेथून ही कला युरोपात पसरली. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र बनवले, तेव्हा हिंदुस्थानात पश्मिन्याच्या शाली मागावर विणल्या जात होत्या. सुयांशी येथील लोकांचा फारसा संबंध नव्हता. एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा आणि इंग्रज अधिकाऱ्यांची कुटुंबे यांच्यामार्फत सुया येथे रुजल्या. हिमालयातील एक उदाहरण विशेष चांगले नोंदलेले आहे. मोरावियन पंथाच्या जर्मन धर्मोपदेशकांनी १८५० च्या दशकात लाहौलमधील केलाँग येथे आपले ठाणे उभारले. त्यांच्यापैकी एकाची पत्नी मारिया हायडे ही १८५९ साली तेथे पोहोचली. तिने स्थानिक मुलींसाठी विणकामाची शाळा चालवली. धर्मोपदेशकांच्या हाती धर्मांतरे फारशी लागली नाहीत. मोज्यांचे विणकाम मात्र लाहौलने असे उचलले की आज ते तेथील परंपरागत कारागिरी म्हणून ओळखले जाते. येथे स्त्रियांजवळ मेंढीची लोकर होती, सूत काढण्याचे कसब होते, रंगांची आणि भौमितिक नक्षीची स्वतःची दृष्टी होती, आणि मुख्य म्हणजे हिमामुळे बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेला सहा महिन्यांचा हिवाळा होता. उणीव होती ती सुयांची.

मैदानी भागात लोकरीचा पुरवठा गिरण्यांनी केला. १८७६ साली कानपुरात सुरू झालेली आणि 'लाल इमली' या नावाने घराघरांत पोहोचलेली गिरणी, तसेच पंजाबातील धारीवालची गिरणी यांची नावे जुन्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. गिरण्यांची धडधड थांबूनही बराच काळ लोटला. पुढे लुधियान्याच्या ओसवाल आणि वर्धमान या नावांनी त्यांची जागा घेतली. अर्थात ही सर्व कथा ज्यांच्यापाशी लोकर विकत घेण्याइतके पैसे होते त्यांची आहे, हे विसरून चालणार नाही. प्रेमचंदांच्या १९३० मधील 'पूस की रात' या कथेतील हल्कूने कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये सावकाराला द्यावे लागतात. तशा घरांतून हिवाळा कापसाच्या जुन्या रजईत आणि पेंढ्याच्या अंथरुणावर काढला जाई.

पावसाळी थंडीत लोकरीचा एक गुण फार उपयोगी पडतो. लोकरीचा तंतू आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेतो, तरीही हाताला ओला लागत नाही. उलट बाष्प शोषताना तो किंचित उष्णता बाहेर टाकतो. सुती कपडा दमटला की अंगाला चिकटतो आणि त्यातील हवा निघून जाते. लोकर दमटली तरी कुरळी राहते आणि हवा सोडत नाही. परंतु एकदा ती पूर्ण भिजली की वाळता वाळत नाही. म्हणून झंझावाताच्या दिवसांत लोकरीचे कपडे धुण्याचे कोणी नाव काढीत नाही. आकाश मोकळे झाले की रात्रभर भिजवलेले रिठे कुस्करून त्यांच्या फेसात, कोमट पाण्यात ते धुतात. गरम पाण्यात घालून चोळले तर तंतूंवरील सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात आणि मोठ्या माणसाचा स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होऊन बसतो. नव्या सुनेच्या हातून होणारी ही एक ठरलेली चूक. धुतलेला स्वेटर पिळायचा नाही, दोरीवर टांगायचाही नाही, कारण पाण्याच्या ओझ्याने तो गुडघ्यांपर्यंत लांबतो. खाटेवर चादर पसरून त्यावर तो आडवा, हातपाय नीट करून ठेवायचा.

आता प्रत्यक्ष विणण्याकडे वळू. हंगामाची सुरुवात दसऱ्याच्या सुमारास होते. लोकरीच्या लडी आणल्या जातात. एकजण दोन्ही हात पुढे करून लड ताणून धरतो आणि दुसरी व्यक्ती तिचा गुंडा करते. हे हात बहुधा घरातील मुलाचे असतात, आणि अर्धा तास हात न हलवता बसणे ही त्याची हिवाळ्यातील पहिली शिक्षा असते. मग सुया निघतात. भारतात सुयांचे क्रमांक जुन्या इंग्रजी पद्धतीचे चालत आले आहेत. क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. काठ अकरा किंवा बारा क्रमांकाच्या बारीक सुयांवर, एक सुलट एक उलट असा विणायचा, म्हणजे तो कमरेला व मनगटाला धरून राहतो. अंग नऊ किंवा दहा क्रमांकाच्या सुयांवर. सुलट टाक्याची मागची बाजू म्हणजेच उलट टाका. या दोन टाक्यांच्या उलटापालटीतून वेणी, जाळी, पानांची वेल अशी सारी नक्षी निघते.

एका स्वेटरमागे किती काम असते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्रौढ माणसाच्या स्वेटरच्या पाठीला शंभर टाके आणि एकशे साठ ओळी धरल्या तर सोळा हजार टाके झाले. पुढचा भाग तितकाच. दोन बाह्यांचे मिळून आणखी सतरा हजार. म्हणजे एकूण संख्या पन्नास हजारांच्या जवळ जाते. मिनिटाला तीस टाके घालणारी सराईत स्त्री न थांबता बसली, तरी सत्तावीस-अठ्ठावीस तास लागतील. पण न थांबता बसते कोण? डाळ शिजत असताना दोन ओळी, मुलाला पाढे म्हणायला लावून चार ओळी, बसच्या रांगेत एक, दवाखान्याच्या बाकावर पाच, कार्यालयातील मधल्या सुट्टीत हिरवळीवर दहा. हातमागाला स्वतंत्र खोली लागते, शिलाई यंत्राला टेबल आणि उजेड लागतो. विणकामाला काहीच लागत नाही. ते कोणत्याही क्षणी थांबवता येते आणि ओळ पूर्ण असली तर कोणत्याही क्षणी पुढे चालू करता येते. ज्या व्यक्तीचा वेळ तिचा स्वतःचा नाही, जिला दिवसातून पन्नास वेळा हाक मारली जाते, तिच्यासाठीच जणू हे काम घडवलेले आहे. पावसाने घरातील सर्वांना एका खोलीत आणून बसवले की या हाका वाढतात. तरीही याच दिवसांत सर्वांत जास्त विणले जाते, कारण कपडे धुणे, धान्य वाळवणे, गच्चीवरची इतर कामे थांबलेली असतात. खोलीत अंधार असला तरी चालते. साध्या विणीत बोटांना टाके दिसतात, डोळ्यांची गरज पडत नाही. शेगडीवर कुमाऊँच्या घरात गहतची डाळ रटरटत असते. गहत म्हणजे आपला कुळीथ. कोकणाप्रमाणे तेथेही तो उष्ण मानला जातो.

नमुने तोंडी चालत. हिंदीतील स्त्रियांची मासिके हिवाळ्याच्या तोंडावर विणकामाचे विशेषांक काढीत आणि त्यांची पाने फाटेपर्यंत हातोहात फिरत. परंतु पुष्कळ स्त्रिया कागद न पाहताच विणत. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी बाईच्या पाठीवरील वेणी पाहून, तिच्या मागून चार पावले चालून, टाके मोजून घेणे यात कोणालाही संकोच वाटत नसे. आगगाडीच्या डब्यात समोर बसलेल्या स्त्रीला नमुना विचारणे ही ओळख काढण्याची मान्य रीत होती. उत्तर देणारी बहुधा स्वतःच्या सुया तिच्या हातात देऊन एक ओळ करूनच घेई.

या विणकामाचा सर्वांत महत्त्वाचा गुण मात्र विणण्यात नसून उसवण्यात आहे. कापड कापावे लागते. कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. स्वेटर हा एकच धागा असतो. शेवटचे टोक सोडवून ओढले की तो सबंध कपडा सुरसुरत पुन्हा धागा होतो. उत्तर भारतीय मध्यमवर्गीय घरांत लोकर ही खाण्याच्या वस्तूंसारखी दरवर्षी नवी आणण्याची वस्तू नव्हती. ती भांड्यांसारखी टिकाऊ मालमत्ता होती. वडिलांचा स्वेटर कोपरांवर विरला की उसवला जाई. विरलेला भाग टाकून उरलेल्या लोकरीतून मोठ्या मुलाचा बिनबाह्यांचा स्वेटर होई. त्यातून दोन-तीन वर्षांनी धाकट्याचा; लोकर पुरली नाही तर मधे दुसऱ्या रंगाचे पट्टे येत, आणि ते पट्टे शोभेसाठी नसून टंचाईमुळे आहेत हे शेजारणींना एका दृष्टिक्षेपात कळे. शेवटी कानटोपी, हातमोजे आणि सर्व रंगांच्या तुकड्यांचे चौकोन जोडून केलेली पायांवरची शाल. उसवलेली लोकर वर्षानुवर्षे एका आकारात राहिल्याने नागमोडी झालेली असते. तिच्या लडी करून, धुऊन, खाली पाण्याने भरलेला लोटा बांधून टांगतात, किंवा किटलीच्या वाफेवर धरतात. वाफ लागताच तंतू आपला जुना आकार विसरतो.

उसवण्याचेही शास्त्र आहे. विणकाम जेथे संपवले त्या टोकाकडून ते सहज सुटते, जेथे सुरू केले तेथून नाही. स्वेटरमध्ये आधी झिजतो तो मनगटाचा काठ. बाही काठापासून खांद्याकडे विणलेली असेल तर नेमका तोच भाग उसवता येत नाही. एक टाका कापून, ओळीभर फास सुईवर झेलून, तेथून उलट दिशेने नवा काठ विणावा लागतो. म्हणून मुलांसाठी विणताना काही अनुभवी स्त्रिया खांद्याचे टाके उचलून बाही वरून खाली विणतात. पुढच्या हिवाळ्यात मुलाचे मनगट बाहेर आले की काठ उसवायचा, दोन इंच वाढवायचा आणि पुन्हा बंद करायचा.

घराच्या चार भिंतींतील हे काम एकदा साऱ्या देशाच्या नजरेस आले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले, तेव्हा अतिशय उंचावरील ठाण्यांवर पाठवलेल्या भारतीय तुकड्यांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते. ही बातमी पसरली आणि देशभर स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणण्यास सुरुवात केली. शाळांतील विणकामाच्या तासाला मुली खाकी आणि हिरव्या लोकरीच्या कानटोप्या करू लागल्या. जे काम एरवी बायकांचा विरंगुळा म्हणून गणले जाई, ते एका हिवाळ्यापुरते राष्ट्रीय कार्य ठरले. पुढच्या वर्षी त्याचा पुन्हा विरंगुळा झाला.

या मोजणीचा प्रश्न आजही सुटलेला नाही. केंद्र सरकारने २०१९ साली प्रथमच सबंध देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. अशा पाहणीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडून प्रत्येक भागातील मुख्य काम कोणते ते नोंदवले जाते. डाळीकडे लक्ष ठेवीत, पाढे ऐकत विणलेल्या दोन ओळी अशा रकान्यात कोठे बसवायच्या? शिवाय वर्गीकरणानुसार घरासाठी नवा कपडा तयार करणे हे वस्तूंचे उत्पादन, तर जुना कपडा दुरुस्त करणे ही घरगुती सेवा. वडिलांचा स्वेटर उसवून मुलाचा करणारी स्त्री या दोहोंच्या सीमारेषेवर बसलेली असते.

दरम्यान परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. १९८० च्या दशकापासून ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा बाजारात भरपूर मिळू लागला. तो स्वस्त, त्याला कसर लागत नाही, यंत्रात धुतला तरी आटत नाही आणि पावसाळी दिवसांतही लवकर वाळतो. गृहिणींनी तो आनंदाने स्वीकारला, आणि त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही. रिठे कुस्करण्याचे सुख ते न कुस्करणाऱ्यांनाच वाटते. परंतु हा धागा बाष्प जवळजवळ शोषत नाही. ठिणगी पडली तर तो वितळून कातडीला चिकटतो. आणि वाफेवर धरला की त्याची उभारी कायमची जाते. उसवून पुन्हा नवे करण्याची जी सोय लोकरीत होती, ती त्यात फारशी उरली नाही. त्याच काळात लुधियान्याच्या यंत्रांवरील स्वेटर इतका स्वस्त झाला की नुसती लोकर विकत घेणेही त्याहून महाग पडू लागले. १९५९ नंतर भारतात आश्रयाला आलेल्या तिबेटी लोकांनी निर्वाहासाठी स्वेटरविक्रीचा व्यवसाय धरला. प्रारंभी त्यांच्या मालात हाताने विणलेले स्वेटर पुष्कळ असत. पुढे तेही लुधियान्याहून माल भरू लागले. पुणे, नागपूर, मुंबई येथील पदपथांवर दिवाळीनंतर लागणारी त्यांची दुकाने मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. उत्तरेच्या हिवाळ्याशी महाराष्ट्राचा आलेला हा बहुधा सर्वांत रंगीत संबंध.

लाहौलच्या मोज्यांना आणि हातमोज्यांना २०२१ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, रोहतांगखालील अटल बोगदा खुला झाला होता. ज्या एकाकी हिवाळ्याने ते विणकाम जोपासले, त्या हिवाळ्यात आता मनालीहून मोटारी येतात, पर्यटक मोजे विकत घेतात आणि मोज्यांना किंमत मिळते. सहा महिने बंद असलेल्या दरीत स्वतःच्या माणसांसाठी विणणे आणि उघड्या रस्त्यावर गिऱ्हाइकासाठी विणणे यांत फरक आहे. पण त्या फरकाबद्दल हळहळण्याचा अधिकार, ज्यांच्या हाती आता चार पैसे येऊ लागले आहेत त्यांना विचारूनच वापरावा.

मैदानात होळीच्या आसपास झंझावात उत्तरेकडे सरकू लागतात. एखाद्या निरभ्र दिवशी घरातील सर्व लोकर, रजया आणि शाली गच्चीवर उन्हात पसरल्या जातात. संध्याकाळी कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा डांबराच्या गोळ्या घालून त्या पेटीत जातात. सर्वांत वर पिशवीत गुंडाळलेला एखादा अपुरा स्वेटर असतो. पाठ झालेली, पुढचा भाग काखेपर्यंत आलेला. टाके सुटू नयेत म्हणून सुयांच्या टोकांना रबराची टोपणे लावलेली असतात आणि किती ओळी झाल्या ते चिठ्ठीवर लिहून ती लोकरीत खोवलेली असते. दसऱ्याला पेटी उघडेल तेव्हा ज्याच्यासाठी तो विणायला घेतला होता तो मुलगा दोन बोटे उंच झालेला असेल, आणि काखेपासून खाली पुन्हा उसवावे लागेल.